अर्ध्या मिनिटाची दोन माणसं

एल्सिरा आउमादाला प्रांताच्या विधानसभेत नोकरीला लागून एकोणतीस वर्षं झाली होती आणि सभागृहात तिनं आजवर एक शब्दही उच्चारला नव्हता. शिंक आली तर ती ओठ मिटून आतल्या आत जिरवायची. बोलायला तिथे पस्तीस आमदार होते. ते जे बोलत ते कागदावर धरायचं, एवढं तिचं काम. ती लघुलेखिका होती आणि आता स्वतःसकट अकरा लघुलेखकांची प्रमुख.

सभागृहाच्या मध्यभागी, अध्यक्षांच्या चौथऱ्याखाली, लघुलेखकांचं टेबल होतं. अक्रोडाच्या लाकडाचं, दोन खुर्च्यांचं. प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांची. साडेचार मिनिटं झाली की पुढचा माणूस मागच्या दारानं येई, शेजारच्या खुर्चीत बसे आणि लिहायला लागे. अर्धं मिनिट दोघंही तेच बोलणं लिहीत. मग नवा आलेला पेन्सिलीच्या बुडानं टेबलावर दोनदा हलकेच टकटक करी, आधीचा उठे आणि आतल्या खोलीत जाऊन आपली पाच मिनिटं टंकायला बसे. सभागृहात कुणी मान वर करून पाहत नसे. पाहिलंच, तर आपलं काहीतरी चुकलं असं लघुलेखक समजत.

ही रीत एल्सिरा नोकरीत शिकली नव्हती. ती तिला आठव्या वर्षीच ठाऊक होती.

तिचे वडील एउसेबियो पाटकरी होते. डोंगरावरचं बर्फ वितळून जे पाणी येई, तेवढ्यावर सगळ्या द्राक्षमळ्यांचं चाले. कुणाची पाळी कधी आणि किती मिनिटांची, ते एउसेबियो सांगणार. एकाची वेळ संपत आली की पुढचा मळेवाला आधीच आपल्या चारीवर येऊन उभा राही. तो चारीच्या तोंडाशी पाणी अडवणारी आपली फळी थोडी उचले, पाणी दोन्हीकडे वाहू लागे आणि मगच पहिला आपली फळी खाली टाके.

"आधी बंद करून मग का नाही उघडायचं?" लहानग्या एल्सिरानं एकदा विचारलं होतं.

"पाण्याला मधे रिकामा क्षण दिसला ना पोरी, की ते वाळूत जातं," वडील म्हणाले. "मग कुणाचंच राहत नाही."

एउसेबियोंना अक्षरं बेताचीच येत. म्हणून पाळ्या टिपायचं काम तिच्याकडे आलं आणि घाईत नावं पुरी होईनात, म्हणून तिनं आपल्याच खुणा काढल्या. एका मळेवाल्याला एक आकडी, दुसऱ्याला एक टिंब. पुढे वाणिज्य शाळेत मास्तरांनी फळ्यावर लघुलिपीचा पहिला धडा काढला, तेव्हा आपली वही कुणी चोरून वाचली की काय असं तिला वाटलं होतं.

चोविसाव्या वर्षी ती विधानसभेत लागली. दोन वर्षं झाली नाहीत तोच लष्करानं सत्ता घेतली. सभागृहाला कुलूप लागलं. आमदार आपापल्या घरी गेले. दोघं घरीही पोचले नाहीत. चौदा लघुलेखकांना एका रांगेत उभं करून एका अधिकाऱ्यानं कागद वाचून दाखवला की सर्वांना इतर खात्यांत सामावून घेण्यात येत आहे. कुणी इस्पितळाच्या नोंदणीत गेलं, कुणी वाहनखात्यात. एल्सिराच्या वाट्याला पाटबंधारे खातं आलं. पावणेआठ वर्षं ती पुन्हा पाण्याच्या पाळ्या लिहीत राहिली. हाताची सवय मोडू नये म्हणून रविवारी चर्चमध्ये फादरांचं प्रवचन टिपायची. फादरांना वाटायचं, काय भाविक मुलगी आहे.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात कुलूप निघालं, तेव्हा चौदा जणांतले सहा परत आले. टेबलावर धुळीचा थर होता. एल्सिरानं तो रुमालानं पुसला, खुर्ची ओढली आणि पेन्सिलीला टोक काढलं. त्या दिवशीची पहिली पाळी तिची होती.

तेव्हापासून 'सामावून घेणं' हा शब्द कुणी तिच्यासमोर वापरला, की तिला ती रांग आठवे.

*

गावाच्या पश्चिमेला एक काँक्रीटचा सांगाडा होता. एल्सिरा नोकरीला लागली त्या सुमारास सरकारनं मुख्यालयाच्या संकुलाचा पाया घातला होता. सगळी खाती, मंत्री आणि विधानसभा एका छपराखाली येणार होती. लष्कर आलं, पैसा गेला आणि सहा मजली सांगाडा तसाच राहिला. लोक त्याला 'पिंजरा' म्हणत. त्यात कबुतरं राहत आणि झोंडा वारा सुटला की तो बासरीसारखा वाजे. तीस वर्षांनी सरकारला पिंजऱ्याची आठवण झाली. नवे नकाशे, नवे वास्तुशिल्पी आले आणि प्रत्येक विभागाकडे एक तक्ता आला: तुमची गरज काय?

एल्सिरानं तो तक्ता तीन दिवस घेऊन भरला. तिच्या अक्षरात एकही खाडाखोड नव्हती. चौथा प्रश्न होता, 'एका वेळी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या.' तिनं लिहिलं, '१ (अर्धं मिनिट २).'

तिला ते अगदी बरोबर वाटलं. लघुलेखकांच्या भाषेत काम म्हणजे टेबलावरचं. आतल्या खोलीत बसून टंकायचं ते 'उतरवणं'. त्याला कुणी काम म्हणत नसे, जसं जेवून भांडी विसळायला कुणी जेवण म्हणत नाही.

चार महिन्यांनी संकुलाची लाकडी प्रतिकृती आली. ती एवढी मोठी होती की ठेवायला जागा मिळेना, म्हणून जुन्या सभागृहातच, लघुलेखकांच्या टेबलाशेजारी तिला लाकडी घोड्यांवर ठेवलं. अधिवेशनाला सुट्टी होती. सगळे कर्मचारी रांगेनं येऊन आपापली खोली शोधत होते.

तादेओ कोर्तिनेस हा एल्सिराचा सगळ्यांत जुना सहकारी. त्यानं आधी नव्या सभागृहात वाकून पाहिलं, मग पोटावर हात ठेवून चारी बाजूंनी फेरी मारली.

"डोन्या एल्सिरा, आपलं टेबल सुताराच्या खिशात राहिलं वाटतं."

सभागृहात आमदारांची अर्धगोल बाकं होती, अध्यक्षांचा चौथरा होता, पत्रकारांचे सज्जे होते. मध्यभागी गुळगुळीत मोकळी जागा होती, त्यात प्रांताचं बोधचिन्ह जडवलेलं. टेबल कुठेच नव्हतं. शेवटी तळघरात, यंत्रांच्या खोलीला लागून एक काचेचं खोपटं सापडलं. त्यावर चिमुकल्या अक्षरांत 'लघुलेखन' असं लिहिलं होतं. आत एक खुर्ची होती.

"एकच?" तादेओ म्हणाला. "म्हणजे आम्ही दहा जण तुमच्या मांडीवर बसायचं का?"

हसावं की नाही ते एल्सिराला कळेना. काचेतून ती इवलीशी खुर्ची पाहताना तिला चौथा प्रश्न आठवला. तिचे कान तापले.

ती तशीच सचिवांच्या दालनात गेली. सचिव म्हणजे डॉक्टर ओयोला. माणूस वाईट नव्हता. सगळ्या कागदांवर शुक्रवारपर्यंत सह्या व्हायला हव्यात, एवढंच त्यांच्या डोक्यात असे.

"खुर्ची आता एकच पुरे हो," ते म्हणाले. "नव्या सभागृहात प्रत्येक बाकावर ध्वनिक्षेपक असणार. आवाज थेट खाली येईल, यंत्र तो साठवेल, एक जण ऐकून दुरुस्त करेल. तुम्हीच तर लिहिलंयत, एका वेळी एक."

"ते मी चुकीचं लिहिलं, डॉक्टर."

"चुकीचं? तुम्ही?" ओयोलांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या हातून चूक झाली असेल तर मला ती चौकटीत लावून ठेवायला हवी. हे पाहा, तुमचं पद शाबूत आहे. बाकी दहा जणांना इतर खात्यांत सामावून घेऊ. कुणाच्या पोटावर पाय येणार नाही."

एल्सिराला ती रांग पुन्हा दिसली.

"शुक्रवारी दहा वाजता बांधकाम समिती बसतेय," ओयोला थोडे नरमून म्हणाले. "प्रतिकृती हलवता येत नाही, म्हणून सभागृहातच. काय सांगायचंय ते समितीला सांगा. तुम्हाला पाच मिनिटं देतो."

"सभागृहात? मी?"

"मग कोण? मी सांगू?"

*

वास्तुशिल्पीण रेनाता सुनिनो तिशीची होती, राजधानीहून आलेली आणि कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली. त्या पेन्सिलीमुळेच एल्सिराला तिच्याशी बोलायचा धीर झाला.

"अर्धं मिनिट दोन!" रेनाता म्हणाली. "सेन्योरा, त्या कंसावर आमच्या कचेरीत आठवडाभर वाद चालला होता. मला वाटलं, कुणीतरी तुम्हाला येर्बाचा चहा आणून देत असेल आणि परत जात असेल."

"चहा नाही. पुढची पाळी."

एल्सिरानं तिला सभागृहात नेलं. तादेओला टेबलावर बसवलं, स्वतः मागच्या दारानं आली, शेजारी बसली, टकटक केली. तादेओ उठला. रेनातानं पेन्सिल कानामागून काढली.

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी रेनाता पावलं मोजत एल्सिराच्या मागून चालली. दारापासून टेबलापर्यंत चौदा पावलं, त्यातलं नववं अध्यक्षांच्या नजरेसमोरून. "इथे तुम्ही खांदे आक्रसता," ती म्हणाली. एल्सिराला हे ठाऊकच नव्हतं.

मग एल्सिरा सांगत गेली. आमदार ध्वनिक्षेपकात बोलतात ते सोपं. ध्वनिक्षेपक नसताना जे बोलतात, बाकावरून जो टोमणा येतो, कुणी मान हलवून हो म्हणतो आणि तोंडानं नाही, ते सगळं टेबलावरून दिसतं. आणि वडिलांची फळी, चारी, वाळूत जाणारं पाणी. इतकं ती एका दमात गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

रेनातानं वहीत बरंच काही काढलं. मग वही मिटली.

"एकटीनं नकाशा बदलायचा मला अधिकार नाही, सेन्योरा. समितीनं म्हटलं तरच. पण दुसरा कागद मी तयार ठेवते. समितीला पटवायचं काम मात्र तुमचं."

"मला बोलता येत नाही, पोरी. लिहिता येतं."

"आत्ता इतका वेळ काय करत होतात?"

*

शुक्रवारी सकाळी झोंडा सुटला होता. खिडक्या बंद होत्या तरी दातांखाली रेती लागत होती. समितीचे पाच आमदार प्रतिकृतीभोवती बसले. अध्यक्षस्थानी सेन्योरा पाविया, डोंगराकडच्या खोऱ्यातली सत्तरीची बाई, हातात विणकाम. ओयोलांनी प्रतिकृतीच्या कडेला स्वतःचा टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळ्यांना दिसेल अशी त्याची कळ दाबली. समितीच्या बैठकीला लघुलेखक नसत.

एल्सिरा उभी राहिली. रात्री पाठ केलेलं पहिलं वाक्य तिला आठवेना. ती नेहमी ज्या जागी बसे, तिथून चार हातांवर ती उभी होती आणि तिथून सभागृह परकं दिसत होतं.

"मी," ती म्हणाली आणि थांबली. "मी तक्त्यात चूक केली."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. तादेओ आत आला, कुणाकडेही न पाहता अक्रोडाच्या टेबलाशी बसला, पेन्सिल हातात घेतली आणि लिहू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सभागृहात कुणीतरी बोलतंय आणि टेबल रिकामं आहे, हे त्याला आतल्या खोलीत बसून सोसवलं नव्हतं.

एल्सिरानं त्याच्या पेन्सिलीकडे पाहिलं. ती चालली होती. आपलं बोलणं पडलं तर ते धरायला कुणीतरी खाली आहे, असं तिला वाटलं आणि मग शब्द येऊ लागले.

तिनं चौथा प्रश्न सांगितला. काम कशाला म्हणतात आणि उतरवणं कशाला, ते सांगितलं. चौदा जण कुठे कुठे सामावले गेले आणि त्यातले सहाच कसे परतले, हेही. "तीस वर्षं मी या टेबलाशी बसले," ती म्हणाली, "तुमच्यातल्या कुणाला माझ्या आवाजाची ओळख नाही, ते बरोबरच आहे. पण तळघरातून फक्त आवाज ऐकू येईल. तो कुणाचा, कुणाकडे पाहून निघालेला आणि त्यावर कोण हसलं, ते तिथे पोचणार नाही. मग दर शनिवारी मला तुम्हाला फोन करावे लागतील. आमदारसाहेब, परवा ते तुम्ही म्हणालात का? आणि तुम्ही आठवून सांगाल ते तुम्हाला सोयीचं असेल. मलाही घरच्या भांडणातलं सोयीचंच आठवतं."

सेन्योरा पावियांच्या सुया थांबल्या. त्या खुदकन हसल्या.

पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. ओयोलांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ती बोलतच राहिली. टेबलाचं, दाराचं, त्या नवव्या पावलाचं. बारा मिनिटांनी तिला एकदम भान आलं आणि ती लाजून खाली बसली.

"सेन्योरा अध्यक्ष," रेनाता मागून म्हणाली, "एक विचारू? बाई बोलत असताना त्या टेबलाशी किती माणसं येऊन बसली?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे तादेओ नव्हता. विशीतली नोएमी बसली होती, वर्षभरापूर्वी लागलेली.

"दोन?" एक आमदार म्हणाले.

"हो, दोन. मघाशी तो जाडा होता ना?"

"तीन," रेनाता म्हणाली. "तिसऱ्या या."

"अगं, लिहितेयस काय तू?" सेन्योरा पावियांनी नोएमीला विचारलं. "आमची ही बैठक नोंदीची नाही."

नोएमीनं घाबरून एल्सिराकडे पाहिलं. एल्सिरानं मान हलवली.

"जे बोललं जातंय ते, सेन्योरा."

"बरं, वाच बघू शेवटचं थोडं."

नोएमी उभी राहिली. शब्द एकामागून एक नीट पडत होते. "सेन्योरा आउमादा: नव्या सभागृहात दार टेबलाच्या जवळ असावं, मागे नसावं. सचिव डॉक्टर ओयोला, हळू आवाजात, शेजारच्या सदस्यास: तीस वर्षांचा बांध फुटलाय, आता जेवणाची वेळ बुडते. सदस्य श्री. बुस्तेलो, तितक्याच हळू: माझ्या घरी आज लोक्रो शिजतंय हो, गार झालं की त्याची खळ होते. सेन्योरा आउमादा: आणि जमीन आवाज न करणारी..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. सेन्योरा पाविया डोळे पुसत होत्या. बुस्तेलो लाल झाले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"डॉक्टर, टेप मागे घेऊन पाहायचा का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "तुमचं हे वाक्य त्यात आहे का बघू."

ओयोलांनी स्वतःच कळ दाबून यंत्र बंद केलं.

"नको, सेन्योरा. मी त्याच्यापासून तोंड लांब नेऊनच बोललो होतो." त्यांनी एल्सिराकडे पाहिलं. "टेबलापासूनही लांब नेलं होतं, असं मला वाटलं."

"दुसरा कागद आहे म्हणत होतीस ना, मुली?" सेन्योरा पाविया रेनाताला म्हणाल्या. "काढ लवकर. बुस्तेलोंचं लोक्रो गार होतंय."

नोएमीच्या खुर्चीशेजारी तोवर चौथी पाळी येऊन बसली होती. टकटक झाली.

त्या दिवशीच्या नोंदीला क्रमांक मिळाला नाही, कारण बैठक नोंदीचीच नव्हती. तरी दहा जणांनी ती उतरवली आणि प्रमुख म्हणून तपासायला एल्सिरापुढे ठेवली. तिनं ती दोनदा वाचली. 'तीस वर्षं मी या टेबलाशी बसले.' खरं तर नोकरीला एकोणतीस झाली होती आणि त्यातली पावणेआठ तिथे नव्हतीच. हात पेन्सिलीकडे गेला आणि मागे आला. बोललेलं बदलायचं नसतं. तिनं खाली सही केली आणि कागद खणात ठेवला.

*

पिंजऱ्याला काचा बसायला आणखी तीन वर्षं लागली. कबुतरं शेजारच्या शाळेच्या छपरावर गेली.

नव्या सभागृहात अक्रोडाचं तेच जुनं टेबल होतं. बोधचिन्ह त्यासाठी दोन हात पुढे सरकलं होतं. चौथऱ्याच्या डाव्या बाजूच्या लाकडी भिंतीत एक ठेंगणं दार होतं. त्याला मूठ नव्हती, हलकंसं ढकलायचं. त्यामागे बुचाच्या जमिनीची छोटी वाट आणि वाटेच्या टोकाला उजेडाची खोली, अकरा मेजांची. नकाशावर रेनातानं त्या दाराला क्रमांक दिला नव्हता. तिथे तिनं 'फळी' असं लिहिलं होतं आणि गवंडीही तेच म्हणायला शिकले होते. "फळीला रंग लागला का?" असं ते एकमेकांना विचारत, तेव्हा एल्सिरा मान दुसरीकडे वळवी.

पहिल्या अधिवेशनाच्या दिवशी पहिली पाळी तिनं घेतली. अध्यक्षांनी घंटा वाजवली, राष्ट्रगीत झालं आणि खोऱ्यातला एक नवा आमदार पहिल्यांदाच बोलायला उठला. तोही घाबरला होता. 'मी' म्हणून थांबला. एल्सिराची पेन्सिल त्या 'मी'वर टेकून थांबली आणि त्याच्याबरोबर पुढे निघाली. चार मिनिटं, साडेचार. शेजारी तादेओ आला होता, तो कधी आला ते तिला फक्त त्याच्या कोलोनच्या वासावरून कळलं. टकटक.

वाटेवर पाच पावलं होती. खोलीत नोएमीनं येर्बा तयार ठेवली होती आणि कागदात गुंडाळलेली गरम सेमिता भाकरी. एल्सिरा आपल्या मेजाशी बसली, तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्ज्यातून रेनाता धावत खाली आली.

"सेन्योरा, मी फक्त तुमच्याकडेच बघत होते, पापणीसुद्धा लवू दिली नाही, शप्पथ! तरी तुम्ही उठलात कधी ते कळलंच नाही."

"दारानं आवाज केला नाही," एल्सिरा म्हणाली. तिनं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "बस तिथे. खा. मला उतरवायचंय."

आणि ती टंकू लागली.